शेजारच्या सीटवरचा ब्रेक

आमचे बाबा मोटार ट्रेनिंग स्कूल चालवतात. म्हणजे स्कूल ते चालवतात. गाडी बाकीचे लोक चालवतात आणि बाबा शेजारी बसून ती थांबवतात.

ज्यांनी शिकाऊ गाडी आतून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा गोंधळला, ब्रेक समजून अ‍ॅक्सिलेटरवर उभा राहिला, की शेजारचा माणूस गुपचूप आपला ब्रेक दाबतो आणि सगळे जिवंत घरी जातात. बाबांनी एकतीस वर्षं हेच केलं. त्यामुळे त्यांचा उजवा पाय आता त्यांचं ऐकत नाही. न्हाव्याच्या खुर्चीत वस्तरा गळ्याशी आला की तो दाबला जातो. टीव्हीत कुणी धावत रस्ता ओलांडला की दाबला जातो. आई उकळत्या दुधाचं पातेलं सांडशीनं उचलते तेव्हा सोफ्यावर बसलेल्या बाबांचा पाय सतरंजीत रुततो, आणि त्या जागी सतरंजीला भोक पडलं आहे. गल्लीत त्यांना ब्रेकमास्तर म्हणतात. त्यांना ते कौतुक वाटतं.

मी त्यांच्याकडेच गाडी शिकले. सहा महिने माझी समजूत होती की माझ्या पायात कला आहे. गाडी कशी अलगद थांबायची! लायसन्स मिळाल्यावर मैत्रिणीची गाडी घेऊन निघाले आणि पहिल्याच वळणावर कचराकुंडीत शिरले. सहा महिने ब्रेक मी मारतच नव्हते. बाबांना जाब विचारला तर म्हणाले, "मी? छे!" खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. आता मी त्याच स्कूलमध्ये शिकवते आणि दिवसातून दोनदा त्यांच्याशी भांडते, त्याशिवाय आम्हा दोघांना चहा जात नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, लष्करात बिनतारी यंत्रं सांभाळायचा. सीमेवरच्या एका चौकीत बिघडलेलं यंत्र दुरुस्त करायला जाताना त्याचा डावा पाय सुरुंगावर पडला. गुडघ्याखाली वीतभर उरला, बाकीचा गेला. फोन बाबांनी घेतला. "हो... हो... हो," एवढंच म्हणाले, फोन ठेवला आणि आईला सांगण्याआधी खाली जाऊन स्कूलच्या दारावर 'आज वर्ग नाहीत' ही पाटी लावून आले. ती पाटी एकतीस वर्षांत कधी बाहेर आली नव्हती, तिची अक्षरं कोरी करकरीत होती. मग ते जिन्यातच बसून रडले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहत होते, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला, कारण आता मला रडायची सोय राहिली नव्हती.

तीन महिन्यांनी दादा नवा कृत्रिम पाय घेऊन घरी आला. लष्कराचं पुनर्वसन केंद्र आमच्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. आठवड्यातून तीन दिवस तिथं व्यायाम, बाकीचे दिवस घरी सराव, आणि नऊ महिन्यांनी वैद्यकीय बोर्ड. बोर्डासमोर कुणाच्याही मदतीशिवाय सपाट जमीन, पायऱ्या आणि खडी पार केली तर दादाला प्रशिक्षण केंद्रात शिकवायची नेमणूक मिळणार होती. नाही तर सेवेतून निरोप आणि कायमचा घरी. दादाला परत जायचं होतं. बाकी कशात त्याला रस नव्हता.

"चौतिसाव्या वर्षी घरी बसून मी करू काय?" तो म्हणाला. "तुझ्यासारखं बायकांना क्लच शिकवू?"

मी त्याला उशी फेकून मारली. पाय गेलेल्या माणसाला मारते म्हणून आई माझ्यावर ओरडली. दादा मात्र खूश झाला. तीन महिन्यांत त्याला कुणी मारलं नव्हतं.

केंद्रातली फिजिओबाई माझ्याच वयाची, पण आवाज कवायतीच्या मैदानावरचा. पहिल्याच दिवशी तिनं बाबांच्या हातात एक रुंद पट्टा दिला. "काका, हा ह्यांच्या कमरेला बांधायचा. तुम्ही मागे, जरा डावीकडे उभं राहायचं. पट्ट्यात हात नुसता असू द्या, ओढायचं नाही. तोल गेला तरच धरायचं."

"मॅडम, एकतीस वर्षं मी दुसरं काय करतोय?" बाबा म्हणाले.

इथंच आम्हाला कळायला हवं होतं.

घरी बाबांनी दादाचा कोर्सच सुरू केला. पॅसेजमध्ये खडूनं मधली रेघ मारली, दोन्ही बाजूंना कडा आखल्या, बाथरूमच्या वळणावर 'हळू' आणि स्वयंपाकघराच्या दाराशी 'थांबा' असं लिहिलं. दादाच्या वॉकरला पुढून शिकाऊ गाडीची लाल 'एल'ची पाटी सुतळीनं बांधली. दादा ती मिरवत आठ दिवस घरभर फिरला. वळायच्या आधी मागे बघ, मागून आई येतेय का बघ, ती आली तर तिला जाऊ दे. आई धुतलेली भांडी घेऊन यायची तर बाबा तिलाच हात दाखवून थांबवायचे.

"माझ्या स्वयंपाकघरात जायला मला आता सिग्नल लागणार का?" आई म्हणाली आणि ओल्या पावलांनी मधली रेघ पुसून निघून गेली.

दादाच्या नसलेल्या पायाचा अंगठा खाजायचा. फिजिओबाई म्हणाली, असं होतं, पाय गेलाय हे मेंदूला अजून पटलेलं नाही. त्यावर उपाय म्हणजे दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा, त्यात चांगला पाय बघायचा आणि त्याचा अंगठा खाजवायचा, मेंदू फसतो. रोज संध्याकाळी बाबा आरसा धरून जमिनीवर बसायचे. "जरा वर," दादा म्हणायचा. बाबा आरसा वर करायचे. "आता गेलं," दादा म्हणायचा, आणि बाबांच्या चेहऱ्यावर असा आनंद यायचा की मी दाराआड जाऊन हसायचे आणि हसता हसता माझंच नाक वाहायला लागायचं.

तिसऱ्या महिन्यात फिजिओबाईनं गादी अंथरली आणि दादाला पडायला शिकवायला सुरुवात केली. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅडम, हे काय शिकवताय? मी माझ्या स्कूलमध्ये धडकायचं कसं ते शिकवलं तर माझा परवाना काढून घेतील!"

"काका, पडणार तर ते आहेतच. उठायचं कसं ते आज शिकलेलं बरं."

दादा त्या दिवशी अकरा वेळा पडला आणि अकरा वेळा उठला. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. गादीवर धप्प झालं की त्यांचा पाय फरशीत रुतायचा.

पुढच्या महिन्यात वॉकर सुटला, हातात काठी आली आणि तिथंच सगळं अडलं. दादाचं डावं पाऊल पुरतं पडेना. नवा पाय पुढे जायचा, अर्ध्यातच टेकायचा, आणि वरचं धड मागे कलायचं. केंद्रात कृत्रिम पाय बनवणारे एक तंत्रज्ञ होते, त्यांना सगळे पायवाले म्हणत. त्यांनी घोट्याचा स्क्रू पाव फेरा फिरवला, पुन्हा उलटा फिरवला. उरलेला पाय हळूहळू बारीक होतो म्हणून आत दोनाचे चार मोजे घातले. टाच बदलली. दुखतं का? नाही. टोचतं का? नाही. मग होतं काय? दादा खांदे उडवायचा. आमचा पॅसेज या टोकापासून त्या टोकापर्यंत दादाच्या बावीस पावलांचा होता; पाऊल लांब पडलं असतं तर आकडा उतरला असता. दोन महिने तो बावीसच राहिला. पायवाल्यांनी हात टेकले. फिजिओबाईनं फाइलमध्ये लिहिलं, 'प्रगती थांबली.' बोर्डाला दहा आठवडे उरले होते. दादानं फाइल वाचली आणि त्या दिवशी जेवला नाही. आईही जेवली नाही. बाबा तेवढे जेवले, मान खाली घालून.

मग एका मंगळवारी बाबांना परीक्षेच्या उमेदवारांना घेऊन परिवहन कार्यालयात जावं लागलं आणि पट्टा माझ्याकडे आला. धरायचा म्हणून मी धरला. दुसऱ्या हातात फोन होता, एक विद्यार्थिनी चढावर गाडी मागे जाते म्हणून रडत होती आणि मी तिला हँडब्रेक समजावत होते. बघते तर दादा पॅसेजच्या टोकाला पोचलेला.

"किती झाली?" मी विचारलं.

"पंधरा."

"चुकलास. परत जा." मी फोन ठेवला आणि मोठ्यानं मोजलं. पंधरा. पुन्हा पाठवलं. पंधरा. दादा खिडकीतून बाहेर बघत उभा राहिला, माझ्याकडे वळेचना. मला वाटलं, दमला असेल.

दुसऱ्या दिवशी केंद्रात मी बाकावर बसले आणि दादाकडे न बघता बाबांकडे बघितलं. दादानं डावा पाय उचलला. बाबांचा उजवा पाय फरशीत रुतला आणि पट्ट्यातला हात मागे आला. पुन्हा डावा पाय, पुन्हा तेच. मला माझी कचराकुंडी आठवली.

"बाबा, ब्रेक सोडा!" मी ओरडले.

अख्खा हॉल जिथल्या तिथं थांबला.

"मी? छे!" बाबा म्हणाले.

फिजिओबाई शहाणी. आत जाऊन प्रवासी बॅगा तोलायचा हुकाचा काटा घेऊन आली, हुक पट्ट्यात अडकवला, मूठ बाबांच्या हातात दिली आणि म्हणाली, "काका, नेहमीसारखं धरा." पहिल्या पावलाला सहा किलो. दुसऱ्याला आठ. पायऱ्यांकडे वळताना साडेनऊ.

"काटा बिघडलाय," बाबा म्हणाले.

पायवाल्यांनी कोपऱ्यातलं पाच किलोचं डंबेल आणून हुकाला टांगलं. काट्यानं पाच दाखवले.

"मग डंबेल बिघडलं असेल."

हॉलमध्ये जो हशा पिकला तो काही केल्या थांबेना. दोन महिने स्क्रू फिरवलेले पायवाले तर भिंतीला टेकून हसत होते. बाबा हसले नाहीत. त्यांनी काटा नीट टेबलावर ठेवला आणि बाहेर निघून गेले.

मी मागोमाग गेले. ते गाडीत आपल्या नेहमीच्या सीटवर बसले होते, म्हणून मला स्टिअरिंगवर बसावं लागलं.

"जाऊ द्या हो," मी म्हटलं. "सवय आहे. सगळ्यांना माहितीय."

"आधी सवयच होती," बाबा म्हणाले.

"आधी म्हणजे?"

"त्याच्या हातात काठी आली ना, त्या आठवड्यात माझं मलाच कळलं. हात मागे जातोय ते."

"आणि?"

"आणि मी सोडला नाही."

मला इतका संताप आला की मी हॉर्नच दाबला, चांगला लांब. फाटकावरचा पहारेकरी धावत आला. त्याला मी हातानंच परत पाठवलं.

"बोर्डात नापास झाला तर घरी राहील, असं वाटायचं," बाबा समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "बावीस पावलं झाली की मला वाईट वाटायचं. आणि बरंही वाटायचं. त्या दिवशी तो जेवला नाही तेव्हा मला माझी लाज वाटली, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढलाच. भीती वाटते गं मला. पुन्हा तसा फोन आला तर मी नाही घेऊ शकणार."

"त्याला वर्गात उभं राहून शिकवायचंय, बाबा. खडू आणि फळा. सुरुंगावर नाही जायचं."

"मागच्या वेळी निघतानाही म्हणाला होता, दोन दिवसांचं किरकोळ काम आहे."

मी हात लांब करून त्यांच्या बाजूचं दार उघडलं. "जाऊन त्याला सांगा."

"तू सांग ना."

"मी का? मी ओढला का?"

दादा आत बाकावर बसून नव्या पायातले मोजे काढत होता. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले, परीक्षकापुढे उमेदवार उभा राहतो तसे, आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. दादानं एक मोजा काढला, घडी केली, दुसरा काढला.

"साडेनऊ किलो मला कळत नसतील होय, बाबा? पाय गेलाय माझा, कंबर आहे."

"मग बोलला का नाहीस?" हे मी विचारलं.

"तुम्ही धरलंय म्हटल्यावर पडायची भीती नव्हती." दादा मोज्यांशीच बोलत होता. "काठी हातात आली आणि माझी पार घाबरगुंडी उडाली. म्हटलं, ओढतायत तर ओढू दे थोडे दिवस. मग ते थोडे दिवस संपेचनात. काल हिनं पट्टा धरला, हिचं लक्षच नव्हतं माझ्याकडे. पहिल्या पावलाला जीव गेला माझा. दुसऱ्याला कळलं, अरे, चालतोय की."

"लक्ष होतं माझं," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. बाबा दादाच्या शेजारी बसले आणि त्यांनी त्याच्या मोज्यांच्या घड्या पुन्हा मोडून पुन्हा घातल्या.

फिजिओबाईनं दादाचा पट्टा त्याच दिवशी बंद केला. पण बाबा काही बंद होईनात. हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, दादा जरासा डुलला की झेप घ्यायचे, आणि त्या झेपेनंच दादा पडायचा. असा तो तीनदा पडला. चौथ्या वेळी आईनं तो पट्टा बाबांच्या कमरेला आवळला, टोक मनगटाला गुंडाळलं आणि खुर्चीत भाजी निवडायला बसली. दादा डुलला, बाबा झेपावले, आईनं एका हातानं खेचलं.

"अहो, थांबा."

"तोल गेला ना त्याचा!"

"आला परत. तुम्हीच बघा."

बाबा बघायचे, तर दादा खरंच उभा असायचा. दहा आठवडे आमच्या घरात दादा पुढे, बाबा मागे आणि बाबांमागे आई अशी वरात चालली. आई म्हणायची, लग्नानंतर इतकं ऐकलं नव्हतं ह्यांनी माझं. पॅसेज पंधराचा चौदावर आला. आमच्या सरावाच्या मैदानावर मी एक ट्रॉलीभर खडी टाकून घेतली, त्यावर दादा रोज तासभर घसरायचा आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, ज्या त्याच्याही होत्या.

बोर्डाच्या दिवशी केंद्राच्या मागच्या मैदानावर तीन अधिकारी बसले होते. अध्यक्ष म्हणजे गळ्यात चष्म्याची दोरी असलेले एक स्थूल डॉक्टर. त्यांनी नियम वाचून दाखवला: उमेदवाराला कुणीही हात लावला, की चाचणी तिथंच संपली. नातेवाइकांनी रेलिंगच्या मागे थांबायचं. आईनं पिशवीतून पट्टा काढला, तो फिजिओबाईनं काढून घेतला. "इथं नको, काकू."

सपाट जमीन झाली. पायऱ्या झाल्या, चढताना चांगला पाय आधी, उतरताना नवा. मग खडी, चाळीस फूट. मध्यावर काठी खडीत रुतली, नवा पाय सरकला आणि दादा आडवा झाला.

रेलिंग कमरेएवढं होतं. मी वळून बघितलं तेव्हा बाबांचा एक पाय त्याच्या मधल्या दांडीवर चढलेला होता. दादा तिथून सात-आठ पावलांवर. जाऊन नुसता खांद्याला हात लावला असता तरी चाचणी संपली असती, आणि दादा जन्मभर आमच्या घरी राहिला असता. कुणी दोषही दिला नसता. बापच तो, धावणारच. हे मला कळत होतं आणि त्यांनाही कळत होतं. मी त्यांना धरलं नाही. का धरलं नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

बाबांनी पाय खाली घेतला. दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली आणि ओरडले. भर चौकात गाडी बंद पडलेली असते, मागून हॉर्नचा गोंगाट चाललेला असतो, तेव्हा रडकुंडीला आलेल्या विद्यार्थ्याला ते ज्या आवाजात सांगतात, तोच आवाज.

"घाई नको. मागचे थांबतील."

दादाच्या मागे कुणीच नव्हतं. अध्यक्षांनी मान वळवली. "कोण ओरडलं? सूचना देणं हीसुद्धा मदतच धरतात."

"सर, सूचना कुठे दिली?" फिजिओबाई म्हणाली. "थांबतील म्हणाले. आपण थांबलोच आहोत."

अध्यक्षांनी तिच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं, आणि थांबले.

दादा कुशीवर वळला. काठी ओढून घेतली. चांगला पाय पुढे रोवला, काठीवर भार टाकला, अर्धा उठला आणि पुन्हा बसला. दुसऱ्यांदा उठला तो उभाच राहिला. तळहातात रुतलेली खडी त्यानं एकेक करून काढली, अगदी सावकाश, आणि उरलेले वीस फूट चालून गेला.

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि फाइल मिटली. "शिकवायला पाठवा ह्यांना," शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाले.

आई रडायला लागली. पायवाले रडायला लागले. मी बाबांचा दंड धरून गदागदा हलवला. "पास झाला, बाबा! पास झाला!"

"हो ना," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. "आता जाईल."

दादा पलीकडच्या टोकाहून वळला आणि पुन्हा खडीवरून आमच्याकडे यायला निघाला. चाचणी संपली होती. आता कुणी जाऊन हात दिला असता तरी चालणार होतं. आई पिशवी टाकून निघालीही होती. बाबांनी तिचा हात धरला.

"थांब," ते म्हणाले. "येतोय तो."